बर्फाचं पातं आणि सेमाडोहचा दसरा

आधीच सांगून टाकतो. भूत, चकवा, अंगात येणं, लिंबू-मिरची... यातलं मी काही मानत नाही. "मी पण मानत नव्हतो, पण त्या दिवसानंतर..." असं लिहिणारे पुष्कळ असतात. मी त्यातला नाही. त्या दिवसाआधी मानत नव्हतो, त्या दिवशी मानलं नाही आणि आज नव्वदीकडे झुकलोय तरी मानत नाही.

मग लिहितोय कशाला? कारण जे झालं ते झालं. डोळ्यांनी पाहिलं, हाताने धरलं. माझ्याबरोबर आणखी दोघांनी पाहिलं. ते दोघंही आता नाहीत, तेव्हा ज्याला मला खोटं पाडायचं असेल त्याने खुशाल पाडावं.

गोष्ट साठ सालच्या आसपासची. जागा – मेळघाटातलं सेमाडोह. परतवाड्याहून घटांगमार्गे जो घाटरस्ता येतो, त्यावर गावाच्या अलीकडे रस्त्याच्या कामाचा कॅम्प होता. पत्र्याची शेड, दोन तंबू, एक डांबराची टाकी. मी तिथे फिटर होतो. नाव किसन, घर अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठाला. रोजंदारीवर लागलो होतो आणि कायम होण्याची वाट बघत होतो. आमच्या वस्तीतून बांधकाम खात्याच्या वर्कशॉपमध्ये पाना हातात धरणारा मी पहिलाच. बाकीचे सगळे टोपली आणि फावड्यावर.

आता त्या पात्याबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही.

महायुद्ध संपल्यावर लष्कराचं भंगार लिलावात निघालं, त्यात आमच्या खात्याने एक ट्रक घेतला होता. ट्रकच्या तोंडाला एक भलंमोठं, आत वळलेलं पोलादी पातं. कशासाठी आहे हे अमरावतीत कोणाला समजेना. शेवटी एका साहेबाने सांगितलं, हे थंड मुलखात रस्त्यावरचा बर्फ ढकलायचं पातं आहे. वर्कशॉपमध्ये जो हशा पिकला तो आठवडाभर चालला. वऱ्हाडात बर्फ! इथे मे महिन्यात कावळा सावली शोधतो. कोणी म्हणे गारपिटीची वाट पाहा, कोणी म्हणे रसवंतीवाल्याला विकून टाका. पण घाटात दर पावसाळ्यात दरड येते, रस्त्यावर गुडघाभर चिखल येतो, तो ढकलायला हे पातं फार कामाचं निघालं. तरी नाव मात्र 'बर्फाचं पातं' असंच पडलं.

चालवायला सोपं, सांभाळायला फार कटकटीचं. ट्रकच्या चासीपासून दोन जाड दांडे पुढे येतात, त्यांना पिनांनी पातं जोडलेलं. मागे दोन मोठ्या स्प्रिंगा. दगड लागला की पातं पुढे वाकतं, दगड पार झाला की स्प्रिंगा त्याला परत उभं करतात. स्प्रिंग ढिली राहिली तर पातं नुसत्या चिखलातही मान टाकतं. जास्त ताणली तर दगडाचा धक्का सरळ गाडीला. पात्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी टेकू, त्यावर ते रस्त्यापासून थोडं वर चालतं. टेकू वर राहिले तर पातं रस्ताच खरवडून काढतं.

हे अंतर नीट कसं राखायचं, ते मला करीमचाचांनी शिकवलं. चाचा आमचे मोठे मिस्त्री, माझ्यासारखेच जुन्या शहरातले. ते पायातल्या वहाणा काढायचे, एक या टोकाखाली, एक त्या टोकाखाली. पातं त्यावर हळूच टेकवायचं, मग टेकू जमिनीला लागेपर्यंत सोडायचे आणि बोल्ट आवळायचे. पातं उचललं की वहाणा परत पायात. मोजायला पट्टी होती, पण चाचा म्हणायचे पट्टी हरवते, वहाणा हरवत नाहीत. चाचा निवृत्त झाल्यावर मी माझ्या वहाणांवर तेच करू लागलो.

ट्रकचे ड्रायव्हर होते गुलाबराव. आम्ही गुलाबभाऊ म्हणायचो. दर्यापूरकडचे, घरी काळ्या मातीची चांगली शेती, पण गाडीचं वेड. माणूस दिलदार. डब्यातलं वांग्याचं भरीत मला दिल्याशिवाय जेवायचे नाहीत, आणि त्या काळात आमच्याबरोबर एका ताटावर बसणारे किती होते ते ज्यांना माहीत त्यांना माहीत. पण एक वेड होतं. एकदा पावसात ट्रक दरीच्या कडेला घसरला, पातं दगडात अडकलं आणि गाडी थांबली. तेव्हापासून गुलाबभाऊंसाठी ते पातं राहिलं नाही, अंबामाय झालं. जे डावं टोक दगडात अडकलं होतं, त्याच्या दांड्याला, पिनेच्या जोडावरच, त्यांनी शेंदूर फासला. मग दर अमावस्येला, दर दसऱ्याला, पुटावर पुटं. होता होता तो जोड बोटभर जाड लाल झाला. ग्रीस भरायचं तोंड आत गाडलं गेलं.

"गुलाबभाऊ, ग्रीस कुठून भरू?" मी विचारायचो.

"अबे, तिले ग्रीसची काय गरज हाये? ते मायच हाये."

"मंग मायच्या खाली माह्या वहाना ठेवतो ते कसं चालते तुमाले?"

यावर ते कानाला हात लावायचे आणि तोंड फिरवायचे. हे आमचं नेहमीचं चालायचं, त्यात राग नव्हता.

त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला. पातं डाव्या बाजूने करकर करू लागलं आणि थोडं झुकू लागलं. मला वाटलं, पिन कोरडी पडली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गुलाबभाऊ गावात गेले होते, तेवढ्यात मी खरवडायला पत्र्याची पट्टी घेतली, रॉकेलचं फडकं घेतलं आणि ग्रीसच्या तोंडापुरता शेंदूर खरवडला. चोरून नाही केलं, उघड्यावर केलं. पण त्यांना विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्यांनी करू दिलं नसतं. ते माझं काम होतं.

आणि आता दुसरा दिवस. दसरा.

एक गोष्ट ध्यानात घ्या. दसरा त्यांचा, तसा माझाही. छप्पन साली दसऱ्यालाच आमच्या लोकांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. माझी आई तिथून परत आली, देव्हाऱ्यातले सगळे टाक पदरात बांधले आणि मोर्णेत सोडून आली. मागे वळून पाहिलं नाही बाईने. त्या दिवशी मला खरं म्हणजे अकोल्यात असायचं होतं. रजा मिळाली नाही, तेव्हा दीक्षेची आठवण म्हणून निदान पांढरा सदरा घालून कामावर आलो होतो. ग्रीसच्या कामाला पांढरा सदरा... सगळे हसले, हसू दे म्हटलं.

सूर्य डोक्यावर आला होता. ऑक्टोबरचं ऊन ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको. गुलाबभाऊ आंघोळ करून, ताटात नारळ, शेंदूर, झेंडूचा हार घेऊन आले. हार पात्यावर घातला, खाली वाकले आणि खरवडलेला जोड त्यांना दिसला.

"हे कोनं केलं?"

"मी केलं."

"काहून?"

"पिन कोरडी होती. ग्रीस भराचं होतं."

माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. ताट खाली ठेवलं आणि म्हणाले, "किसन, तू माह्या पाठीत मारलं असतं तं मी काई म्हनलं नसतं."

नेमके तेव्हाच ओव्हरसियर साहेब मोटारसायकलवरून उतरले. पुण्याकडचे होते, तीन महिन्यांपूर्वी बदलून आलेले. घाटात रात्री दरड आली होती. रस्ता बंद, वर गावांना जाणारं धान्य खाली अडकलेलं, आणि मोठे साहेब संध्याकाळी त्याच रस्त्याने येणार. "चला, गाडी काढा," म्हणाले.

"मी नाई काढत," गुलाबभाऊ म्हणाले. "ज्यानं खरवडलं त्यानं शेंदूर लावावा. त्यानं नारळ फोडावा. मंगच गाडी निंगन."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "लाव रे बाबा. एक बोट शेंदूर, एक नारळ. दोन मिनिटांचं काम आहे."

"साहेब, पुसायचं काम सांगा, करतो. आवळायचं सांगा, करतो. पूजा नाई करत."

"अरे, मानू नकोस. नुसतं कर."

"मानत नाई तं करू काहून?"

आता साहेबही तापले. ते वाईट नव्हते, अडचणीत होते. पण बोलले ते माझ्या कानात अजून आहे. "हे बघ किसन, तुझा कायम करण्याचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आहे. आज गाडी निघाली नाही तर ती तुझ्यामुळे निघाली नाही असं वर जाईल. मग तू तर जाशीलच, आणि तुमच्यातल्या दुसऱ्या माणसाला या वर्कशॉपात कोणी पाना देणार नाही. विचार कर."

विचार कसला करायचा? नोकरी मला हवी होती, फार हवी होती. घरात कमावणारा मी एकटा. पण पदरात टाक बांधून नदीवर चाललेली आई डोळ्यांपुढे आली. तिने सोडलेलं मी नोकरीसाठी परत उचलायचं? आणि तेही दसऱ्याच्याच दिवशी? अंगाची लाही झाली माझ्या.

"जे वर धाडायचं ते धाडा," मी म्हटलं. "पातं मी लावतो. स्प्रिंगा मी पाहतो, ग्रीस मी भरतो. मंग गाडी नाई निंगाली तं माह्यं नाव लिवा. पन हात जोडाचे नाईत."

"आज हत्याराले हात लावत नसतात!" गुलाबभाऊ मागून म्हणाले.

मी ऐकलं नाही. वहाणा काढल्या, दोन्ही टोकांखाली ठेवल्या, पातं त्यावर टेकवलं. टेकू सोडले, बोल्ट आवळले. मग ग्रीसगन घेऊन डाव्या जोडाशी बसलो आणि आधारासाठी डावा हात पात्यावर टेकवला.

हात चटकन मागे घेतला. आधी वाटलं भाजलं. उन्हात तापलेलं लोखंड, भाजणारच. पण तळहाताची साल पात्यालाच राहिली होती, आणि दुखत होतं ते भाजल्यासारखं नव्हतं. बोटं बधिर झाली होती. पुन्हा बोट लावलं. थंड. थंड म्हणजे माठातल्या पाण्यासारखं नव्हे... हाडात शिरणारं. इतक्या थंड कशाला मी तोवर शिवलो नव्हतो.

ग्रीसगन दाबली, ग्रीस निघेना. तोंडाशी मेणासारखं घट्ट झालं होतं.

आणि मग माझ्या डोळ्यांदेखत पातं पांढरं होऊ लागलं. डाव्या टोकापासून, हळूहळू. मिठाचा थर बसावा तसं. बारीक करकर आवाज येत होता. वर डोकं तापवणारं ऊन, माझ्या पाठीवर घामाची धार, आणि समोर ते काळं पोलाद पांढरं होत चाललेलं. गुलाबभाऊंनी घातलेला झेंडूचा हार आखडला. मी हाताने बाजूला करायला गेलो तर फुलं पापडासारखी चुरली.

"साहेब, इकडे या," मी म्हटलं. हो, घाबरलो होतो. मानत नाही म्हणजे घाबरत नाही असं थोडंच आहे?

साहेब आले. त्यांनी बोट लावलं, काढलं, त्या बोटाकडेच बघत राहिले. गुलाबभाऊ आले. त्यांनी नखाने खरवडलं, नखात पांढरं आलं, ते विरघळलं. त्यांनी ते पाणी चाटून पाहिलं.

"पानी हाये," ते म्हणाले.

मी तोवर दांड्याकडे पाहत होतो. दांडाही पांढरा झाला होता, सगळा... फक्त पिनेच्या मागे, मी खरवडलं होतं तिथून एक काळी रेघ निघाली होती. केसाएवढी. वाकडी. तिच्यावर पांढरं धरतच नव्हतं. ती रेघ पुढे जाऊन शेंदराच्या थराखाली शिरत होती.

कोणाला काही न विचारता मी छिन्नी घेतली आणि उरलेला शेंदूर उडवला. गुलाबभाऊ मध्ये आले नाहीत. शेंदराच्या ढलप्या पडत गेल्या आणि रेघ पुढे पुढे जात राहिली. दांड्याला जवळजवळ वेढाच घातला होता तिने. हातोडी मारली. चांगलं लोखंड टणकन वाजतं, हे बद्द वाजलं.

"पहार द्या," मी म्हटलं.

पहार गुलाबभाऊंनीच आणली. मला दिली नाही. स्वतः फटीत घातली आणि दाबली. हत्याराला हात लावत नसतात तो दिवस, आणि त्यांनीच दाबली. दांडा वाळल्या लाकडासारखा मोडला. पातं एका बाजूला कलंडलं आणि माझी एक वहाण त्याच्या धारेखाली कापली गेली.

तिघांच्याही डोक्यात एकच चित्र असणार. हा दांडा इथे वहाणांवर मोडला. तो घाटात, भरल्या चिखलात, दरीच्या कडेला मोडला असता तर पात्याचं टोक खाली रुतलं असतं आणि ट्रक त्यावरून उलटला असता. आत गुलाबभाऊ असते. शेजारी मी असतो, कारण पातं वरखाली करायचा जॅक मी चालवायचो.

तेवढ्यात पाणी ठिबकू लागलं. पांढरं सगळं वितळलं आणि पात्याखालची धूळ ओली झाली. मी परत हात लावला तेव्हा पातं तापायला लागलं होतं, ऑक्टोबरच्या उन्हात लोखंड तापतं तसंच.

गुलाबभाऊंनी तिथेच लोटांगण घातलं. उठले तेव्हा डोळे वाहत होते. माझे दोन्ही खांदे धरून म्हणाले, "मायनं दाखोलं, किसन! मायनं वाचोलं! आतातरी मान बाप्पा!"

आणि खरं सांगतो, त्या क्षणी मान डोलावणं सगळ्यात सोपं होतं. पण माझं डोकं तापलेलंच होतं. म्हटलं, "गुलाबभाऊ, तुमच्या मायले दाखवाचंच होतं तं तिनं इतके वर्षं तेच झाकू काहून देलं? शेंदूर नसता तं चीर मले कवाच दिसली असती."

ते हळूच म्हणाले, "मंग दाखोलं कोनं?"

मी वाकून कापलेली वहाण पात्याखालून ओढून काढली.

त्या दिवशी दरड आम्ही फावड्यांनी काढली. कॅम्पातले सगळे, कोरकू मजूर, साहेब स्वतः पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, गुलाबभाऊ आणि मी. एका पायात वहाण, एक पाय अनवाणी. पांढऱ्या सदऱ्याचं पार पोतेरं झालं. अंधार पडायच्या आत रस्ता मोकळा झाला. माझं नाव वर गेलं नाही, मी यथावकाश कायम झालो आणि माझ्यानंतर वस्तीतले आणखी लोक पाना धरायला आले. साहेबांनी त्या बोलण्याची माफी कधी मागितली नाही, पण तसं परत कधी बोललेही नाहीत.

पुढे खुलासे करणारे भरपूर भेटले. साहेब म्हणाले, हवेतला दमटपणा. मी म्हटलं, साहेब, दमटपणाने माझ्या हाताची साल निघाली? मग म्हणाले, तू रॉकेलचं फडकं मारलं होतंस, रॉकेल उडताना गारवा येतो. ठीक आहे. मी पुढे कितीतरी वेळा भर उन्हात पात्याला रॉकेल पुसून पाहिलं. नुसता वास आला. अमरावतीच्या एका प्रोफेसरांनी मला तासभर काहीतरी समजावलं आणि शेवटी "पण इतकं थंड होणार नाही" असं तेच म्हणाले.

करीमचाचांना सांगितलं, तेव्हा त्यांनी विडी पेटवली आणि म्हणाले, "लोहा है बेटा. अपना मुलुक याद आ गया होगा." ऐकायला फार गोड. पण मी लोखंडात आयुष्य काढलं, त्याला काही आठवताना पाहिलं नाही. चाचांनाही मी तसं तोंडावर सांगितलं.

गुलाबभाऊंचं आणि माझं भांडण मिटलं नाही आणि जेवणही सुटलं नाही. दांडा परतवाड्याला वेल्डिंग होऊन आला, पातं परत चढलं, तेव्हा ते शेंदराची वाटी घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. "कुठी लावू? तूच सांग." मी खडू घेतला आणि पात्याच्या मागे, जिथे ना जोड ना बोल्ट, अशा सपाट जागी एक गोल काढून दिला. "याच्या बाहेर गेले तं खरवडीन." निवृत्त होईपर्यंत त्यांनी त्या गोलाबाहेर शेंदूर जाऊ दिला नाही. आणि माझ्यासाठी दर्यापूरच्या बाजारातून नव्या वहाणा आणल्या, पण त्या पात्याखाली ठेवताना मात्र शेवटपर्यंत तोंड फिरवत राहिले.

त्या दसऱ्यानंतर रजा मिळाली तेव्हा अकोल्याला गेलो. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. सगळं सांगितलं, काही न लपवता. घाबरलो ते, शेंदूर लावायला सांगितलं ते, नाही म्हटलं ते, पांढरं झालेलं पातं, काळी रेघ. मला वाटलं ती म्हणेल, पोरा, तुला भास झाला. किंवा, कोण जाणे, सोडलेल्या देवांची तिला आठवण येईल आणि ती गप्प बसेल. ती भाकरी उलटवत म्हणाली, "हात पाहू."

मी तळहात दाखवला. साल गेलेली जागा अजून लाल होती. तिने त्यावर बोट फिरवलं.

"थंड होतं?"

"हो माय. लय थंड होतं."

"मंग थंड होतं म्हन," ती म्हणाली. "कोनी इचारलं तं दबून राहू नको, थंड होतं म्हन. पन कोनाचं होतं, ते त्यायच्या म्हनन्यावर म्हनू नको."

आणि भाकरी माझ्या ताटात टाकली.

तळहातावर त्या जागी कातडी आजही गुळगुळीत आहे. आजवर पुष्कळांनी विचारलं, देवी होती का, भूत होतं का, विज्ञान होतं का? माझं उत्तर तेच. मला माहीत नाही. थंड होतं.